मधलं नाव

मुलांनो, आपल्या गल्लीचं नाव कसं पडलं हे शोधा, असं मी गेल्या वेळी लिहिलं होतं. त्यावर तुमची पुष्कळ पत्रं आली. भांडुपच्या एका मुलीनं तर आजोबांना हाताशी धरून सगळी गल्ली पालथी घातली. शेवटी कळलं काय, तर गल्लीला ज्या विहिरीवरून नाव पडलं ती विहीर कधीच बुजवून टाकलीय, आणि तिच्यावर आता स्कूटर उभ्या असतात! शाब्बास. आज गल्लीचं नको, आपल्याच नावाचं बघू. पण त्याआधी माझी एक चूक सांगते.

आमच्या मुलुंडच्या शाळेत मी चौथीला शिकवते. 'माझं कुटुंब' हा पाठ झाला, की दरवर्षी मुलांकडून वंशावळ करून घेते. खाली 'मी', वर आई-बाबा, त्यांच्या वर आजी-आजोबा. यंदा मला हौस आली. म्हटलं, चार पिढ्यांवर कशाला थांबायचं? पाच पिढ्यांचा तक्ता करू! पणजोबांच्याही वर एक चौकोन काढला, खापरपणजोबांचा. प्रत्येक चौकोनात दोन ओळी : पूर्ण नाव आणि मूळ गाव. झेरॉक्स काढून वर्गात वाटले आणि म्हटलं, "सोमवारपर्यंत आणा. घरी विचारा. कुणाचाही चौकोन रिकामा राहता कामा नये हं."

हे शेवटचं वाक्य म्हणजेच माझी चूक.

सोमवारी बहुतेकांनी तक्ते आणले. कुणी रंग दिलेले, कुणी फोटो चिकटवलेले. दोघातिघांनी वरच्या चौकोनात बिनधास्त 'शिवाजी' लिहून टाकलं होतं, ते वेगळंच! खिडकीजवळ बसणारा एक मुलगा मात्र तक्ता दप्तरातून काढेचना. (त्याचं नाव मी सांगणार नाही. घरच्यांना तसं कबूल केलंय.) शेवटी काढला. चार पिढ्या व्यवस्थित, सुंदर अक्षरात. पाचव्या चौकोनात फक्त पहिलं नाव आणि आडनाव. मध्ये खोडून खोडून कागद पातळ झालेला. आणि 'मूळ गाव'पुढं काहीच नाही.

"अरे, मधलं नाव राहिलं की. त्यांच्या बाबांचं नाव काय?"

"बाई, कुणालाच माहीत नाही."

"आजीला विचारलंस?"

"आजीलाच विचारलं. ती रडली."

आता काय बोलणार? मी त्याचा तक्ता घेऊन टेबलाच्या खणात ठेवला आणि गणिताचं पुस्तक उघडायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याची आजी शाळेत आल्या. सत्तरीच्या, नऊवारी नाही पण साधं सुती पातळ, हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. मला वाटलं, आता चांगल्या रागावणार. पण त्या म्हणाल्या, "बाई, पोराला मी रडले ते वाईट वाटून नाही. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून." आणि त्यांनी डबा उघडला.

डब्यात काय काय होतं! पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, घडीवर फाटलेला. त्यावर जन्मठिकाण : शरणपूर, नाशिक. एक जुनं मराठी बायबल. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्या सगळ्या जन्मांच्या तारखा, वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या अक्षरांत. (पालकहो, काही घरांत पोथीच्या शेवटच्या पानावर, कुठं जुन्या पंचांगाच्या मागं अशा नोंदी असतात. रद्दी देताना एकदा पानं उलटून बघत चला.) आणि तळाला फडक्यात गुंडाळलेला एक रंधा. लाकूड तासायचा असतो ना, तो. मूठ हातानं घासून घासून गुळगुळीत झालेली.

"हा आमच्या आजेसासऱ्यांचा," आजी म्हणाल्या. "ते सुतार होते. छपन्नाच्या दुष्काळात कुणीतरी त्यांना शरणपूरला आणून सोडलं. पाच-सहा वर्षांचे असतील. कुठून आले, कुणाचे, कोण जाणे. नावसुद्धा तिथंच मिळालं."

छपन्नाचा दुष्काळ म्हणजे विक्रम संवत 1956 चा. आपल्या सनात 1899-1900. गुजरात, मराठवाडा, खानदेश अशा मोठ्या मुलखात पाऊस पडला नाही. माणसं गुरं घेऊन, मग गुरं सोडून, मग कधी मुलंही सोडून चालत सुटली. आईबापांविना राहिलेल्या पुष्कळ मुलांना तेव्हा अनाथाश्रमांनी आणि मिशनांनी आधार दिला. पुण्याजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात दुष्काळातल्या शेकडो मुली वाढल्या, हे तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल.

आणि शरणपूर? नाशिकला गेला असाल तर शरणपूर रोड तुम्हाला माहीत असेल. दुकानं, दवाखाने, सतत गाड्या. पण एके काळी ते शहराबाहेरचं वेगळं गाव होतं. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या संस्थेचे विल्यम प्राइस नावाचे पाद्री होते. त्यांनी 1850 च्या दशकात ते वसवलं. शरण आलेल्यांचं पूर, म्हणून शरणपूर. त्या काळी कुणी ख्रिस्ती झालं, तर नातेवाईक घरात घेत नसत, विहिरीवर पाणी भरू देत नसत, कामधंदा सुटे. मग राहायचं कुठं, खायचं काय? म्हणून घरं बांधली, चर्च बांधलं, शाळा काढली, आणि पोट भरता यावं म्हणून सुतारकाम-लोहारकाम शिकवायची सोय केली. 1883 च्या नाशिक गॅझेटियरमध्ये या गावाची माहिती छापलेली आहे.

या गावात आणखी एक मंडळी आली, आणि ती कुठून, तर थेट आफ्रिकेतून! खोटं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर माणसं पकडून, गलबतांत कोंबून, गुलाम म्हणून विकायला नेत. इंग्रजी आरमाराची जहाजं अरबी समुद्रात अशी गलबतं अडवायची. सुटलेल्यांपैकी काहींना मुंबईला उतरवलं जाई. त्यांत लहान मुलं असत. यातल्या बऱ्याच मुलांना शरणपूरला पाठवलं. आफ्रिकेतलं घर कुठल्या दिशेला होतं हेही ज्यांना सांगता येत नव्हतं, ती मुलं गोदावरीच्या काठी लिहा-वाचायला आणि रंधा मारायला शिकली.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा स्कॉटिश प्रवासी तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकात भेटला असेल. आफ्रिकेत नाईल नदीचा उगम शोधायला तो निघाला, तेव्हा 1866 च्या जानेवारीत मुंबईहूनच जहाजात बसला. त्याच्या बरोबर नाशिकची नऊ मुलं होती. त्यांना तो 'नासिक बॉइज' म्हणायचा. पुढं 1872 मध्ये त्याच्याकडे माणसांची आणखी एक तुकडी गेली, तिच्यात जेकब वेनराइट होता. तोही शरणपूरचाच विद्यार्थी. 1873 मध्ये आजच्या झांबिया देशात, एका खेड्यातल्या झोपडीत लिव्हिंग्स्टन वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचं हृदय एका झाडाखाली पुरलं. जेकबनं प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. त्या खोडाचा तुकडा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं जपून ठेवलाय. मग त्यांनी देह वाळवला, कापडात आणि सालीत गुंडाळला आणि दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर खांद्यावरून वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणला. कशासाठी? तर ज्याचं माणूस त्याच्या घरी पोचावं म्हणून. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये अंत्यसंस्कार झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब होता.

आता त्याचं नाव परत एकदा वाचा. जेकब वेनराइट. दोन्ही शब्द दुसऱ्यांनी दिलेले. वेनराइट म्हणजे गाड्या बनवणारा सुतार, हे इंग्रजी आडनाव आफ्रिकेतल्या मुलाचं कुठून असणार? ज्यानं दुसऱ्याचं नाव झाडावर कोरून ठेवलं, त्याला स्वतःच्या बापाचं नाव लावता आलं नाही.

शरणपूरच्या आफ्रिकी लोकांपैकी बरेच जण 1875 च्या सुमारास परत समुद्र ओलांडून गेले. केनियातल्या मोंबासाजवळ प्राइस साहेबांनीच सुटका झालेल्या गुलामांसाठी नवं गाव वसवलं, फ्रिअर टाउन. बार्टल फ्रिअर हे पूर्वी मुंबईचे गव्हर्नर होते. (आपल्या गोदीजवळचा पी. डिमेलो रोड आहे ना, तो आधी फ्रिअर रोडच होता. गल्लीच्या नावांचा नाद लागलेल्यांनी हे टिपून ठेवा!) त्या गावात धोक्याचा इशारा द्यायला एक मोठी घंटा टांगली होती. स्वाहिली भाषेत घंटेला 'केंगेले' म्हणतात. मोंबासातला तो भाग आजही 'केंगेलेनी', म्हणजे घंटेपाशी, म्हणून ओळखला जातो. म्हणजे पाहा, आज केनियात एखादा मुलगा आपली वंशावळ करायला बसला, तर त्याला कदाचित आपल्या नाशिकला यावं लागेल.

हे सगळं मी आजींना मधल्या सुट्टीत सांगितलं नाही हं, तेव्हा मला तरी कुठं माहीत होतं! नंतर वाचलं. तेव्हा मी एवढंच म्हटलं, "आजी, शरणपूरच्या चर्चमध्ये नोंदवही असेल. बघू या का?"

योगायोग असा, की दिवाळीच्या सुट्टीत मलाही नाशिकला जायचंच होतं. माझी आजी भाद्रपदात गेली. तिच्या अस्थी रामकुंडात सोडायच्या होत्या. मी, बाबा आणि माझा भाऊ, मुलुंडहून लोकलनं कल्याण आणि तिथून सकाळची तपोवन एक्सप्रेस. कसारा घाटात धुकं होतं. बाबा सबंध रस्ताभर फारसं बोलले नाहीत.

रामकुंडावरचे विधी झाल्यावर आमचे तीर्थोपाध्ये आम्हाला घरी घेऊन गेले. मुलांनो, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या या उपाध्यांकडे वंशावळीच्या वह्या असतात. तुमचं गाव आणि आडनाव सांगायचं, की ते बरोबर तुमच्या घराण्याची वही काढतात. लांबट, लाल कापडाच्या बांधणीच्या. घरातलं कुणीही यात्रेला किंवा कार्याला आलं, की घरातल्या माणसांची नावं त्यात लिहायची आणि खाली सही करायची. बापानं लिहिलेल्याच्या खाली मुलगा लिहितो, त्याच्या खाली नातू. असं पिढ्यानपिढ्या चालत आलंय. माझ्या पणजोबांची सही मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. 'श'ला तोच वेलांटीसारखा फाटा, जो बाबा काढतात! बाबांनी त्या सहीवर नुसतं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

मग नावं लिहून घ्यायची वेळ आली. बाबांनी स्वतःचं सांगितलं, काकांचं सांगितलं, भावाचं सांगितलं. उपाध्ये टाक खाली ठेवायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "माझं?" ते हसले. "लिहितो की, कन्या म्हणून." आणि लिहिलंही. मग मी आजीचं नाव शोधलं. होतं. आजोबांची पत्नी म्हणून, सासरचं नाव. मी विचारलं, "बाबा, आजीचं माहेरचं नाव काय होतं हो?" बाबा माझ्याकडे बघतच राहिले. सत्तर वर्षं जिच्या हातचं जेवले, तिचं लग्नाआधीचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं! भावाला नाही, मला नाही. उपाध्ये म्हणाले, "त्यांच्या माहेरची वही दुसऱ्या उपाध्यांकडे असणार. गाव आणि आडनाव आणा, सापडेल. पण मुलींची नावं सगळेच लिहितात असं नाही."

मला एकदम माझ्या टेबलाच्या खणातला तो तक्ता आठवला. कागद पातळ होईपर्यंत खोडलेली ती जागा. दुष्काळातल्या मुलाचं नाव बदललं, जेकबचं बदललं, आणि आमच्या आजीचंही बदललं. फरक इतकाच, की आजीचं बदललं तेव्हा सनई वाजत होती.

रामकुंडाहून शरणपूर रिक्षानं पंधरा-वीस मिनिटं. एकाच शहरात दोन तऱ्हेच्या वह्या, आणि एका वहीवाल्यांना दुसऱ्या वहीचं फारसं देणंघेणं नाही! दुपारी आम्ही पोचलो, तर आजी, तो मुलगा आणि त्याचे बाबा चर्चच्या आवारात आधीच येऊन बसले होते. मुलानं येताना रंधा आणला होता, दप्तरात घालून. का, ते त्याला विचारू नका.

नोंदवही जाड होती, रकाने इंग्रजीत. तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा. तिथल्या गृहस्थांनी फार धीरानं पानं उलटली. 1900 नाही, 1901 च्या पानांत सापडलं. नाव तेच. आणि आईबापांच्या रकान्यात दोन इंग्रजी शब्द : नॉट नोन. माहीत नाही.

त्याच्या वरच्या ओळीतही तेच. खालच्या ओळीतही तेच. सबंध पानभर.

आजींनी त्या पानावरून हात फिरवला. "बघ रे," त्या नातवाला म्हणाल्या, "एकटे नव्हते हो."

पण काम इथं संपलं नाही. ही युक्ती मला त्या गृहस्थांनी शिकवली, तुम्हीही लक्षात ठेवा : जन्माच्या नोंदीत सापडलं नाही, तर लग्नाच्या नोंदीत शोधायचं. चर्चमधल्या लग्नाच्या रजिस्टरमध्ये नवरा आणि नवरी, दोघांच्याही वडिलांच्या नावाचा रकाना असतो. आणखी तासभर शोधल्यावर 1919 ची ओळ मिळाली. वराचा धंदा : सुतार. वडिलांचं नाव...

होतं! तिथं चक्क एक नाव होतं.

मुलगा उडीच मारणार होता. पण आजी चष्मा पुसून परत वाकल्या. साक्षीदारांच्या सह्या होत्या ना खाली, त्यात पहिलीच सही, मराठीत, तेच नाव. पुढं 'मिस्त्री' असं लिहिलेलं. आजी म्हणाल्या, "आमच्या घरात म्हणायचे, त्यांना रंधा मिस्त्रीबाबांनी दिला. हे कोण मिस्त्रीबाबा, मी कधी विचारलं नाही." म्हणजे सुतारकाम शिकवणाऱ्या मिस्त्रींचंच नाव त्यांनी वडिलांच्या जागी लावलं असावं. की पाद्रीसाहेबांनी विचारलं, "बापाचं नाव?" आणि मिस्त्रीच पुढं होऊन म्हणाले, "माझं लिहा"? हा सगळा आमचा अंदाज. वही त्याहून जास्त काही बोलत नाही. वह्यांचं हेच तर दुखणं आहे, त्या नाव सांगतात, गोष्ट सांगत नाहीत.

गोष्टसुद्धा लिहून ठेवणारी एक वसाहत मात्र जगात होती, आणि तिचं शरणपूरशी विलक्षण साम्य आहे. मोरेविया नावाचा प्रांत आज चेक प्रजासत्ताकात येतो. तिथल्या काही ख्रिस्ती लोकांना त्यांच्या पंथामुळं फार छळ सोसावा लागे. ते डोंगर ओलांडून शेजारच्या जर्मन मुलखात पळून आले. झिन्झेनडॉर्फ नावाच्या सरदारानं त्यांना आपल्या जमिनीवर आसरा दिला. 1722 मध्ये त्यांनी तिथं गाव वसवलं आणि नाव ठेवलं हेर्नहूट, म्हणजे प्रभूच्या छत्राखालचं गाव. आपल्या शरणपूरसारखंच नाव नाही का? या मोरेवियन लोकांची पद्धत अशी, की प्रत्येकानं आपली जीवनकथा स्वतः लिहून ठेवायची. राजा असो की चांभार, बाई असो की पुरुष. माणूस वारला, की त्याच्या अंत्यविधीला ती वाचून दाखवत. आणि सगळ्यांच्या थडग्यांवरचे दगड आडवे, सपाट, साधे. मोठा माणूस म्हणून मोठा दगड नाही. हेर्नहूटच्या संग्रहात अशा हजारो जीवनकथा आहेत. अमेरिकेतल्या बेथलेहेम गावीही आहेत. त्यामुळं तिथली माणसं वंशावळ शोधायला गेली, की त्यांना नुसतं नाव नाही, खापरपणजीचा आवाजच सापडतो! हेर्नहूट, बेथलेहेम आणि उत्तर आयर्लंडमधलं ग्रेसहिल ही त्यांची गावं 2024 मध्ये जागतिक वारसा यादीत आली. ती सभा भरली होती कुठं? आपल्या नवी दिल्लीत. आणि आपल्याकडे लडाखमध्ये लेहला मोरेवियन लोकांनी 1885 मध्ये काम सुरू केलं, त्यांची शाळा आजही चालू आहे. लेहला सहलीला जाल तेव्हा बघा.

आपल्याकडे कुणी असं लिहिलंच नाही, असं मात्र म्हणू नका हं. नाशिकजवळ जन्मलेल्या आणि अखेरची वर्षं नाशिकलाच राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं. लहानपणी त्यांना कुणी शाळेत घातलं नव्हतं, अक्षर ओळख लग्नानंतर झाली. तरी 1930 च्या दशकात त्यांचं पुस्तक आलं आणि मराठी माणसं अजून ते वाचतात, हसतात, डोळे पुसतात. मोठ्या ताई-दादांनी वाचायला हरकत नाही.

सुट्टी संपली. शाळा सुरू झाल्यावर पहिलं काम मी काय केलं असेल? जुने तक्ते परत दिले आणि फळ्यावर लिहिलं : 'रिकामी जागा चालेल.' आणि बापांची रांग होती ना, तिच्या शेजारी आयांचीही एक रांग वाढवली. आईचं, आजीचं, पणजीचं माहेरचं नाव. गंमत म्हणजे मग वर्गातल्या सदतीस तक्त्यांपैकी एकही भरेना! ज्यांनी आधी 'शिवाजी' लिहिला होता, तेही पेन्सिल चावत बसले. एक मुलगी म्हणाली, "बाई, माझ्या पणजीला सगळे 'जिजी' म्हणायचे, तेवढंच माहितीये." म्हटलं, लिही 'जिजी'. दुसऱ्यानं विचारलं, "नाव नसलं तर ती काय करायची ते लिहू? ती पापड विकायची." लिही की! दुसऱ्या दिवशी तीन आज्या शाळेच्या फाटकात उभ्या. एकीला स्वतःचं माहेरचं नाव वर्गात येऊन सांगायचं होतं. साठ वर्षांत कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती म्हणे. मुलांनी त्यांना त्या नावानं हाक मारली, एकसुरात, पाढे म्हणतात तशी. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

माझ्या आजीचं नाव? ते शोधायला मला चार फोन आणि एक पत्र लागलं. आत्याला आठवेना, काकूला आठवेना. शेवटी आजीच्या भावाच्या सुनेनं कळवलं, त्यांच्या सासूबाई सांगायच्या म्हणून. ते मी माझ्या तक्त्यात लिहिलंय. हो, बाईंनीही तक्ता केलाय, वर्गाच्या मागच्या भिंतीवर लावलाय, तुमच्यासारखाच.

तुम्हीही तक्ता करा आणि मला पाठवा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करा, आणि आजच करा. जुने दाखले, रेशनकार्डं, सातबारे, लग्नपत्रिका, फोटोंच्या मागची अक्षरं बघा. आपल्या मरोळ, कुर्ला, वांद्र्याच्या जुन्या गावठाणांत राहणाऱ्या मुलांनी आपल्या चर्चमध्ये नोंदवह्यांची चौकशी करावी, मोठं माणूस बरोबर घेऊन. मोडीतले कागद निघाले तर फेकू नका, वाचणारी माणसं अजून आहेत. आणि घरी कुणाला सांगायचं नसेल, कुणी गप्प झालं, तर तिथंच थांबा. मी थांबले नव्हते, तसं करू नका.

खिडकीजवळच्या त्या मुलाचा तक्ता सगळ्यात शेवटी आला. आयांची रांग अर्धी भरलेली. पाचव्या चौकोनाच्या कडेला रंध्याचं चित्र, मुठीसकट. 'मूळ गाव'पुढं 'शरणपूर'. आणि मधल्या नावाच्या जागी मिस्त्रींचं नाव, पण पेन्सिलनं, अगदी फिकट. बाकी सगळा तक्ता पेननं लिहिलेला.

मी विचारलं, "हे का रे पेन्सिलनं?"

तो म्हणाला, "बाई, खरे बाबा सापडले तर? खोडता यायला हवं ना."

मग थोडा विचार करून म्हणाला, "पण तेव्हा मिस्त्रीबाबांना बाजूला दुसरा चौकोन काढू."